वज्र रेखाटणारी सावित्री



सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची एक चकती. दर्शनी बाजूला मधोमध राजमुद्रा आणि तिच्याभोवती वज्राच्या चार प्रतिकृती. मागील बाजूस हिंदी आणि इंग्रजीत कोरलेले नाव, दोन्हींच्या मध्ये कमलपुष्पे. वर ३२ मिलिमीटर रुंदीची साधी जांभळी फीत. सोने नाही, रत्न नाही. सराफाच्या पेढीवर ठेवली तर तिची किंमत कोणी विचारणार नाही. तरीही स्वतंत्र भारतात या चकतीहून मोठा युद्धकालीन सन्मान नाही. १९४७ पासून आजपर्यंत अवघ्या २१ वीरांना तो लाभला आणि त्यांपैकी १४ जण तो स्वीकारण्यासाठी हयात नव्हते.

हे परमवीर चक्र. सोमनाथ शर्मा, अब्दुल हमीद, अरुण खेत्रपाल, विक्रम बात्रा ही नावे आपल्या मुलांना ठाऊक असतात, असावीतही. परंतु हे चक्र कागदावर प्रथम कोणी रेखाटले, असा प्रश्न केला तर बहुतेक घरांत शांतता पसरते. ते रेखाटणारी व्यक्ती एका सेनाधिकाऱ्याची पत्नी होती. तिचे नाव सावित्रीबाई खानोलकर. नाव अस्सल मराठी, आडनाव कोकणचा पत्ता सांगणारे. आणि जन्म मात्र स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या गावी, २० जुलै १९१३ रोजी. माहेरचे नाव इव्ह इव्हॉन मादे द मारोस.

ही विदेशी कन्या भारतीय सेनेच्या सर्वोच्च सन्मानापर्यंत कशी पोहोचली, हा प्रवास कुतूहलाचा आहेच. पण केवळ कुतूहल शमवण्यासाठी तिचे स्मरण करायचे नाही. एखादा देश आपला होतो म्हणजे नेमके काय होते, आणि रणांगणावर जाणाऱ्याच्या मागे जी उरते तिचे व्रत कोणते, या दोन प्रश्नांची उत्तरे या एका आयुष्यात सापडतात.

दोन शत्रुराष्ट्रांची लेक

इव्हचे वडील आंद्रे द मादे हंगेरियन होते. जिनिव्हा विद्यापीठात ते समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. आई मार्थ हेंत्झेल्ट रशियन आणि तीही शिक्षणक्षेत्रातील. जिनिव्हातील ज्यां-जाक रूसो संस्थेत ती अध्यापन करीत असे. घर विद्येचे, ग्रंथांचे.

आता काळाकडे पाहा. इव्ह जेमतेम एक वर्षाची होते आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या महायुद्धाचा भडका उडतो. ऑस्ट्रिया-हंगेरी एका बाजूला, रशिया दुसऱ्या बाजूला. म्हणजे पित्याची मातृभूमी आणि मातेची मातृभूमी समोरासमोर उभ्या. ही बालिका वाढत होती ती तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये, जो देश या युद्धात कोणाच्याच बाजूने नव्हता. जन्माने तीन देशांशी नाते. पण यांपैकी माझा कोणता, असा प्रश्न अशा मुलीच्या मनात उभा राहिला तर नवल नाही.

पुढे भारतात आल्यावर सावित्रीबाई म्हणत असत की आपला आत्मा भारतीयच आहे, युरोपात जन्म झाला तो केवळ चुकून. कोणी त्यांना परदेशी म्हटले तर ते त्यांना मुळीच खपत नसे. ऐकणाऱ्यांना यात गंमत वाटत असेल. पण ज्यांना मातृभूमी आयती मिळते, त्यांना या आग्रहामागची तळमळ सहज उमगत नाही. जे आयते मिळते त्याची आठवण अनेकदा सणावारापुरतीच उरते. जे शोधून मिळवावे लागते ते माणूस जिवापाड जपतो.

सावित्रीचा निश्चय

१९२९ साल. विक्रम रामजी खानोलकर नावाचा मराठी तरुण इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात शिकत होता. त्या काळी सेनेत अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या हिंदी तरुणांना सातासमुद्रापार तेथे जावे लागे. डेहराडूनची भारतीय सैनिकी प्रबोधिनी सुरू झाली ती १९३२ मध्ये. सुटीत विक्रम जिनिव्हाला आला आणि तेथे इव्हशी त्याची भेट झाली. ती सोळा वर्षांची, तो तिच्याहून बऱ्याच वर्षांनी मोठा.

परिचयाचे रूपांतर अनुरागात झाले. वडिलांनी मात्र संमती नाकारली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. सोळा वर्षांची मुलगी, दोन-तीन आठवड्यांच्या बोटप्रवासाइतका दूरचा देश, तोही परक्या सत्तेखाली असलेला, भाषा निराळी, धर्म निराळा, आणि जावई पेशाने सैनिक. आपल्यापैकी कोणता पिता लगेच होकार देईल? पण काही वर्षे लोटली तरी मुलीचा निश्चय ढळला नाही. ती भारतात आली आणि १९३२ मध्ये लखनौ येथे विक्रम खानोलकरांशी तिचा विवाह झाला. तिने हिंदू धर्म स्वीकारला आणि सावित्री हे नाव धारण केले.

महाभारतातील सावित्रीने आपला पती स्वतः निवडला होता. सत्यवानाचे आयुष्य एका वर्षाचेच आहे, हे नारदमुनींनी सांगितल्यावर पित्याने तिला दुसरा वर निवडण्यास सुचवले. पण ती म्हणाली की निवड एकदाच होते. वटपौर्णिमेला आपल्या घरोघरी ही कथा सांगितली जाते. सैनिकाशी विवाह करणाऱ्या प्रत्येक मुलीच्या निर्णयात या कथेचा अंश असतो. आयुष्याची हमी कोणालाच नसते. सैनिकाच्या पत्नीला मात्र हे लग्नाच्या दिवसापासून ठाऊक असते. सत्यवानाचे भाग्य सर्वांना लाभत नाही, हेही तिला ठाऊक असते, आणि तरीही ती निवड बदलत नाही.

छावणीतला संसार, विद्येची उपासना

१९३०च्या दशकात हिंदी अधिकाऱ्याच्या पत्नीचे जीवन कसे होते? सेना इंग्रजांची, नियम इंग्रजांचे. अनेक छावण्यांतील क्लबांची दारे हिंदी अधिकाऱ्यांना बंद असत. ज्याच्या हाताखाली शेकडो जवान प्राण द्यायला सिद्ध, त्याला संध्याकाळी क्लबच्या पायरीवरून परत फिरावे लागे. अशा वातावरणात गौरवर्णीय, युरोपात वाढलेल्या स्त्रीला साहेबांच्या जगात मिसळून जाणे फारसे अवघड नव्हते. सावित्रीबाईंनी निराळी वाट धरली. आहार शाकाहारी ठेवला. मराठी, हिंदी आणि संस्कृत या भाषा आत्मसात केल्या. भारतीय संगीत, नृत्य आणि चित्रकला यांचे शिक्षण घेतले. नृत्यासाठी तर त्यांना उदय शंकरांसारख्या थोर कलावंताचे मार्गदर्शन लाभले.

सैनिकी संसाराला एक गाव नसते. बदलीचा हुकूम आला की ट्रंका बांधायच्या, मुलांच्या शाळा बदलायच्या, कालपर्यंतचा शेजार मागे टाकून नव्या ठिकाणी पुन्हा चूल मांडायची. आजही प्रत्येक सैनिकी कुटुंबाचे हेच जीवन आहे. या भ्रमंतीत कित्येकांचे शिक्षण सुटते, छंद मागे पडतात, त्यात त्यांचा दोष नसतो. सावित्रीबाईंनी मात्र प्रत्येक मुक्कामाला विद्यापीठ मानले. पतीची नेमणूक पाटण्याला झाली तेव्हा त्यांनी खरोखरच पाटणा विद्यापीठाची वाट धरली. वेद, उपनिषदे आणि संस्कृत नाट्य हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.

भारताशी एकरूप झालेल्या पाश्चात्त्य स्त्रियांची परंपरा आपल्याला परिचित आहे. १८९८ मध्ये मार्गारेट नोबल भारतात आल्या आणि भगिनी निवेदिता झाल्या. १९२५ मध्ये मॅडलिन स्लेड आल्या आणि मीराबेन झाल्या. दोघींची सेवा वंदनीय आहे. मात्र त्या दोघी आल्या त्या गुरूच्या चरणांशी, संन्यस्त वृत्तीने. सावित्रीबाई आल्या गृहिणी म्हणून. सासर, स्वयंपाकघर, कुमुदिनी आणि मृणालिनी या दोन मुलींचे संगोपन, पतीच्या बदल्या, पलटणीतील जवानांच्या कुटुंबांची विचारपूस, हे सारे सांभाळीत त्यांनी ज्ञानसाधना केली. आश्रमातली साधना कठीण असते हे खरे; पण उतू जाणाऱ्या दुधाकडे एक डोळा ठेवून उपनिषद वाचणेही सोपे नाही, हे येथे बसलेल्या माता-भगिनींना वेगळे सांगायला नको.

मग दुसरे महायुद्ध आले. सुमारे २५ लाख हिंदी सैनिक या युद्धात लढले. इटलीच्या रणभूमीवर मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च वीरसन्मान मिळवला. यशवंत घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. शौर्य आपल्या मातीतले होते. त्या शौर्यावर मोहोर मात्र परकी होती.

स्वतंत्र राष्ट्राची स्वतःची मोहोर

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याच घटकेला दुभंगलाही. निर्वासितांचे लोंढे आले. सावित्रीबाई पदर खोचून या कामात उतरल्या. फाळणीने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांची आणि सैनिकांच्या घरच्यांची सेवा त्यांनी त्या काळात केली आणि पुढेही आयुष्यभर चालू ठेवली.

ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर टोळीवाल्यांचे आक्रमण झाले. आपले जवान पुन्हा अतुल पराक्रम गाजवू लागले. आता प्रश्न असा होता की, या वीरांचा गौरव कोणत्या चिन्हाने करायचा? स्वतंत्र भारताचा जवान इंग्लंडच्या राणीच्या नावाचे पदक छातीवर कसे लावणार? सेनेचे ॲडज्युटंट जनरल मेजर जनरल हीरालाल अटल यांच्याकडे नव्या सन्मानांच्या निर्मितीची जबाबदारी होती. सर्वोच्च सन्मानाचे चिन्ह रेखाटण्यासाठी त्यांनी सावित्रीबाईंना पाचारण केले. संस्कृत, वेद आणि प्राचीन भारतीय परंपरा यांचा त्यांचा व्यासंग अटल यांना माहीत होता.

क्षणभर थांबून विचार करा. राष्ट्राच्या सर्वोच्च वीरसन्मानाला भारतीय रूप द्यायचे आहे, आणि त्यासाठी ज्यांच्याकडे विश्वासाने पाहिले गेले त्यांचा जन्म न्यूशातेलचा होता! या गोष्टीचा संकोच वाटण्याचे कारण नाही; अभिमान वाटावा अशीच ती आहे. भारतीयत्व रक्ताच्या थेंबांत मोजता येत नाही. ज्याने या भूमीचे ज्ञान, तिचे दुःख आणि तिचे ऋण आपले मानले, त्याला ही भूमी आपला मानते. त्याबरोबरच हा आपल्यापुढे धरलेला आरसाही आहे. दधीची ऋषींची कथा आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या मांडीवर ऐकली आणि पुढे विसरून गेलो. सावित्रीबाईंचे आजोळ रशियाचे आणि आजी-आजोबांचे घर हंगेरीचे. त्यांना ही कथा अभ्यास करून मिळवावी लागली, म्हणूनच योग्य वेळी ती त्यांना आठवली.

दधीचीच्या अस्थी

ती कथा थोडक्यात अशी. वृत्रासुराने देवांना जिंकले. कोणत्याही शस्त्राने तो मरेना. दधीची ऋषींच्या तपःपूत अस्थींपासून बनवलेल्या शस्त्रानेच त्याचा वध होईल, असे देवांना कळले. देव याचक होऊन आश्रमात आले. ऋषींनी योगबलाने देह ठेवला. त्यांच्या अस्थींपासून इंद्राचे वज्र घडवण्यात आले आणि वृत्र मारला गेला. या कथेचे मूळ फार जुने आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात इंद्राने दध्यच ऋषींच्या अस्थींनी शत्रूंचा संहार केल्याचा उल्लेख येतो. महाभारतात आणि श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधात ती विस्ताराने येते.

परमवीर चक्रावरील वज्र हे तेच. सावित्रीबाईंपुढे चिन्हांची वाण नव्हती. सिंह होता, धनुष्य होते, गरुड होता. त्यांनी वज्र निवडले. वज्र हे असे शस्त्र, जे लोखंडाचे नाही. ते एका जिवाच्या स्वेच्छादानातून निर्माण झाले आहे. आणि दान करणारा कोणी योद्धा नव्हता. त्याला वृत्राशी वैयक्तिक वैर नव्हते, विजयाचा वाटा नको होता, राज्य नको होते. सैनिकाच्या बलिदानाचा याहून अचूक अर्थ सांगता येईल काय?

धातूही पाहण्यासारखा आहे. महावीर चक्र आणि वीर चक्र रौप्य आहेत. सर्वांत वरचे परमवीर चक्र मात्र ब्राँझचे. देवघरातील समई-निरांजनाच्या पितळेचा जवळचा नातलग असा हा धातू! सर्वोच्च सन्मान सर्वांत साधा असावा, यातही एक संस्कार आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे देश प्रजासत्ताक झाला त्याच दिवशी, परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र हे सन्मान स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानले गेले. अशोक चक्र श्रेणीतील सन्मान ४ जानेवारी १९५२ पासून आले. १९६७ मध्ये त्यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गांना कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही नावे मिळाली. परमवीर चक्राबरोबर या इतर चक्रांची आखणीही सावित्रीबाईंच्याच नावाशी जोडलेली आहे.

चक्र आप्तांच्या घरी येते

आणि मग असा योग आला की कथाकारानेही तो रचायला कचरावे. पहिले परमवीर चक्र ज्यांना जाहीर झाले ते मेजर सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंची थोरली कन्या कुमुदिनी यांचे दीर. कुमुदिनींचे पती सुरिंद्रनाथ शर्मा हे सोमनाथांचे बंधू, आणि तेही सेनाधिकारी.

३ नोव्हेंबर १९४७. कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनची एक कंपनी श्रीनगरजवळ बडगाम येथे होती. तिचे नेतृत्व मेजर सोमनाथांकडे होते. हॉकी खेळताना झालेल्या दुखापतीमुळे त्यांचा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता. तरी आग्रह धरून ते आघाडीवर गेले होते. शेकडो टोळीवाल्यांनी तीन बाजूंनी हल्ला चढवला. बडगाम पडले असते तर श्रीनगरचा विमानतळ हातचा जाता, आणि विमानतळ गेला असता तर काश्मीर खोऱ्यात कुमक पोहोचवण्याचा मार्गच खुंटला असता. प्लॅस्टरमधल्या हाताने मेजर स्वतः जवानांना काडतुसे भरून देत होते. तोफगोळ्याच्या स्फोटात ते पडले. पण शत्रूचा वेळ गेला होता आणि विमानतळ वाचला होता. तीन दिवसांनी मिळालेल्या त्यांच्या देहाची ओळख पटली ती पिस्तुलाच्या चामडी म्यानावरून आणि खिशातील भगवद्गीतेच्या पानांवरून. २१ जून १९५० रोजी त्यांचे परमवीर चक्र राजपत्रात जाहीर झाले. ते स्वीकारले त्यांचे पिता मेजर जनरल अमरनाथ शर्मा यांनी.

१९४७-४८ च्या त्या युद्धासाठी पाच परमवीर चक्रे दिली गेली. त्यांपैकी एक आपल्या कारवारच्या रामा राघोबा राणे यांचे. बॉम्बे सॅपर्सच्या या अधिकाऱ्याने एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर, शत्रूच्या माऱ्याखाली, सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली. राणे परतले. सोमनाथ परतले नाहीत. सावित्रीबाईंनी कागदावर काढलेले वज्र आता एका परिचित घराच्या भिंतीवर, एका न परतलेल्या मुलाच्या छायाचित्राशेजारी आले.

पदकावर नसलेली सुवर्चा

दधीचींच्या कथेत आणखी एक पात्र आहे, ज्याचा आपल्याला सहसा विसर पडतो. ते म्हणजे त्यांची पत्नी. शिवपुराणात तिचे नाव सुवर्चा. देवांचा हेतू ओळखून ऋषींनी तिला आधीच दुसरीकडे पाठवले होते. ती परतली तेव्हा आश्रम रिकामा होता. देवांना वज्र मिळाले होते, स्वर्गाला विजय मिळणार होता. तिला मात्र कोणी विचारलेही नव्हते. तिने देवांना शाप दिला. अग्निप्रवेशास निघाली असता आकाशवाणी झाली की तुझ्या उदरात ऋषींचा अंश आहे. तेव्हा पिंपळाखाली पुत्राला जन्म देऊन मगच तिने देह ठेवला. तो पुत्र म्हणजे पिप्पलाद.

पुराणकारांनी सुवर्चेचा संताप झाकून ठेवला नाही, हे त्यांचे मोठेपण. बलिदान थोर असते. परंतु त्या बलिदानाची किंमत देणारे आणखीही कोणी असते, आणि त्याला दुःख करण्याचा, रागावण्याचाही अधिकार असतो. प्रजासत्ताक दिनी, किंवा राष्ट्रपती भवनातील समारंभात, वीराच्या पराक्रमाचे वर्णन वाचले जाते आणि एक तरुण स्त्री शांतपणे चालत राष्ट्रपतींसमोर येते. कधी तिच्यासोबत सासू असते, कधी वृद्ध पिता असतो. चकती तिच्या हाती दिली जाते. टाळ्या होतात. दहा-पंधरा पावलांचे ते चालणे आपण दूरचित्रवाणीवर पाहतो आणि आपले डोळे पाणावतात. नंतर आपण चहा घेतो. ती मात्र ती चकती घेऊन घरी परतते आणि मुलाचा गृहपाठ तपासते. सुवर्चा पदकावर नाही. ती पदक स्वीकारणाऱ्या हातात आहे.

सावित्रीबाईंवरही वियोगाची वेळ आली. १९५२ मध्ये मेजर जनरल विक्रम खानोलकर यांचे निधन झाले. त्या वेळी सावित्रीबाई चाळिशीच्याही अलीकडे होत्या. ज्या एका माणसासाठी त्यांनी पित्याचे घर सोडले, देश सोडला, तो माणूसच आता राहिला नव्हता. मायदेशी परतण्याचा मार्ग मोकळा होता. कोणी नाव ठेवले नसते.

त्या परतल्या नाहीत. खरी कसोटी होती ती येथे. पतीच्या प्रेमापोटी भारत आपला म्हणणे एक, आणि पती गेल्यावरही तो आपलाच राहणे दुसरे. त्यांनी अध्यात्माचा आधार घेतला, रामकृष्ण मठाचा आश्रय घेतला. सैनिकांच्या कुटुंबांची सेवा सुरूच ठेवली. आणि सासरच्या भूमीचे ऋण फेडावे तसा महाराष्ट्राच्या संतांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. ‘सेंट्स ऑफ महाराष्ट्र’ हा त्यांचा ग्रंथ आजही अमराठी वाचकांना आपल्या संतांच्या दारापर्यंत आणून सोडतो. वारकऱ्यांच्या घरात जन्मलेल्यांपैकी किती जणांनी आपला हा ठेवा जगापुढे नेण्यासाठी असे कष्ट घेतले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

२६ नोव्हेंबर १९९० रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, सावित्रीबाईंनी इहलोकीची यात्रा संपवली. त्यांतील अठ्ठावन्न वर्षे भारतीय म्हणून, आणि त्या अठ्ठावन्नांतील अडतीस वर्षे पतीच्या मागे, एकटीने.

स्मरण म्हणजे काय करायचे?

२०१९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहिले. तेथील परमयोद्धा स्थळावर २१ परमवीरांचे अर्धपुतळे आहेत. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना या वीरांची नावे देण्यात आली. राष्ट्राने आपले कर्तव्य केले. समाजाचे कर्तव्य शिल्लक आहे, आणि ते दिल्लीत जाऊन करायचे नाही.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. घरोघरी सैनिक असल्याने लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. अशी गावे, अशी घरे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. आपल्या आळीत, आपल्या सोसायटीतही एखादी सैनिकाची पत्नी असेल, जिचा पती या क्षणी हिमरेषेवर पहाऱ्याला उभा असेल. एखादी वीरपत्नी असेल, जिच्या निवृत्तिवेतनाचा कागद कुठेतरी अडला असेल. एखादी आजी असेल, जिने उमेदीत देशभरच्या छावण्यांत संसार मांडले आणि जी आता गॅलरीत एकटी बसलेली असते. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी पेटीत नाणे टाकणे योग्यच. पण तिच्या दारावरची घंटा वाजवून, बसून, तिचे बोलणे ऐकून घेणे याला पावती नसली तरी मोल अधिक आहे. तिने पाहिलेला भारत आपल्यापैकी अनेकांनी नकाशातच पाहिला आहे. मुलांना सोबत न्या. तिच्या ट्रंकेतली छायाचित्रे त्यांना पाहू द्या. आणि घरी परतल्यावर आजीने नातवंडांना दधीचीची गोष्ट सांगावी. सांगताना सुवर्चेपाशी थोडे थांबावे.

सावित्रीबाईंनी या देशाला एक चकती दिली. ती प्रत्येक वेळी नव्याने कोणाच्या तरी हातात जाते, आणि बहुधा तो हात मागे उरलेल्या माणसाचा असतो. ती घेऊन तो माणूस घरी परततो, तेव्हा घराच्या दारात त्याच्यासोबत कोणी आहे की नाही, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.